बावीस महिन्यांची लेक, ए-टूचा वर्ग आणि घरातली भाषा

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू 'ताई' म्हटलंयस आणि वयानेही मी मोठी, तेव्हा सरळ अगं-तुगं करते.

बाकीच्यांसाठी तुझा प्रश्न थोडक्यात सांगते. नाशिकहून स्टुटगार्टजवळच्या गावात येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. लेक बावीस महिन्यांची, दोन महिन्यांपासून किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात जाते. तुझा जर्मनचा वर्ग ए-टूवर, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पायरीवर आहे, आठवड्यातून चार सकाळी. लेक आठच शब्द बोलते. किटातल्या बाई म्हणाल्या, घरीही जर्मनच बोला. सासूबाई फोनवर म्हणतात, तीन भाषांत पोर गोंधळलंय, एकच धरा. नवरा म्हणतो, मग इंग्रजी धरू, जगात कुठेही चालेल. आणि तू विचारतेस की कोणाचं ऐकू, आणि वर्ग सोडून घरी तिच्याजवळ बसू का.

वर्ग सोडू नकोस, आणि लेकीशी मराठीत बोल. भरपूर बोल. आता कारणं सांगते. मी मुंबईत शिकलेली वाचा-उपचारतज्ज्ञ, सोळा वर्षं जर्मनीत दोन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम करते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तुर्की, अरबी, रशियन, तमिळ असं काही ना काही बोललं जातं. त्यांच्या आयांना मी जे सांगते तेच तुला सांगतेय, फक्त या वेळी मराठीत सांगायला मिळतंय याचा आनंद वेगळा.

आधी आठ शब्दांचं. तू यादी दिलीस: आई, बाबा, पाणी, नको, दे, बॉल, बाय-बाय, नाइन (जर्मनमधलं 'नाही'). पण त्याच पत्रात खाली लिहिलंयस की दार उघडलं की 'भुर्र' म्हणत धावते, कुत्रा दिसला की 'भू भू', आणि पडली की आता बाऊऐवजी 'आउआ' म्हणते. मग हे तीन कुठे गेले? भुर्र हा शब्द आहे. दर वेळी त्याच अर्थाने, कोणी न म्हणवता म्हटला, की आमच्या लेखी तो शब्दच. माऊ, हम्मा, जोजो, शी, मम्मं, सगळे धरायचे. मराठीत जितके बाळबोलीचे शब्द आहेत तितके वापरायला लाजू नकोस. सुशिक्षित घरांतून हल्ली 'नीट कुत्रा म्हण' असा आग्रह असतो, त्याची काही गरज नाही. भू भू म्हणणारं कोणतंही पोर दहावीला भू भू म्हणत राहिलेलं मी पाहिलं नाही.

आणि भाषांची बेरीज करायची, वेगवेगळे कप्पे करायचे नाहीत. किटात तिला दहा जर्मन शब्द येत असतील आणि घरी पंधरा मराठी, तर तिचे शब्द पंचवीस. आउआ आणि बाऊ हे दोन्ही ती म्हणत असेल तर शब्द म्हणून ते दोन, फक्त कल्पना एक.

तरीसुद्धा खोटा धीर देत नाही. बावीस महिन्यांना अकरा-पंधरा शब्द कमीच आहेत. दोन वर्षं पूर्ण होताना पन्नासपेक्षा कमी शब्द आणि 'पाणी दे'सारखी दोन शब्दांची जोडणीही नाही, असं असेल तर त्या मुलाला आम्ही उशिरा बोलणारं म्हणतो. त्यातली बरीच पुढे आपोआप गाठतात, काही गाठत नाहीत, आणि दोन वर्षांच्या मुलाकडे बघून कोण कुठल्या गटातलं ते मला सांगता येत नाही, कोणालाच येत नाही. पण दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून बोलणं रखडलं, हे कारण धरू नकोस. दुभाषिक मुलांत हा त्रास एकभाषिक मुलांपेक्षा जास्त आढळत नाही. ज्याला खरोखरच अडचण असते त्याला ती दोन्ही भाषांत असते.

म्हणून पहिलं काम कानाचं. जन्मानंतरची श्रवण तपासणी इथे २००९पासून सगळ्या बाळांची होते, तिचीही नाशिकला झाली असेल. पण ती जन्मावेळची. किटात गेल्यापासून तिसरी सर्दी म्हणालीस ना? सर्दीनंतर कधी कधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहतं, दुखत नाही, ताप नाही, आणि मूल महिनोन्महिने पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकतं. यू-७ नावाची तपासणी एकविसाव्या ते चोविसाव्या महिन्यात होते, मुलांच्या तपासण्यांची जी पिवळी पुस्तिका तुझ्याकडे आहे तिच्यात तिचं पान आहे. त्या वेळी डॉक्टरांना कान बघायला सांग, गरज पडली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवायला सांग. तिथे शब्दांची एक प्रश्नावली मिळते, जर्मन शब्दांची. लेक 'हुंड' म्हणत नसेल पण भू भू म्हणत असेल तर तिथे खूण करायची आणि डॉक्टरांना तसं सांगायचं. मी पाहिलंय, आपल्या आया प्रामाणिकपणे सगळे चौकोन रिकामे ठेवतात आणि रडत बाहेर येतात.

थांबून बघण्यात अर्थ नाही अशीही काही लक्षणं असतात. हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने दाखवत नाही, 'चप्पल आण' एवढंही हावभावांशिवाय कळत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले. तू लिहिलंयस त्यावरून ती बोट दाखवते, आजीला फोनवर चप्पल नेऊन दाखवते. म्हणजे कळण्याची बाजू चांगली आहे. ती खूप मोठी गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्दा. सासूबाईंना वाटतं तीन भाषा जास्त झाल्या. मला तुझ्या पत्रात भाषा जास्त दिसत नाहीत, बोलणं कमी दिसतं.

नाशिकला ही मुलगी वाढली असती तर सकाळपासून तिच्याशी कोण कोण बोललं असतं ते मोज. आजी, आजोबा, काकू, धुणंभांड्याची मावशी, शेजारची दोन पोरं, भाजीवाला, वॉचमन. 'काय गं, आज वेणी नाही घातली का आईने?' असलं बिनकामाचं बोलणं दिवसभर. इथे दोन खोल्यांत दोन तोंडं. त्यातलं एक संध्याकाळी सहाला थकून येतं. आणि दुसरं, म्हणजे तू. तूच लिहिलंयस की 'दिवसभर घरात इतकी शांतता असते की फ्रीजचा आवाज ऐकू येतो'. मी त्या वाक्यावर थांबले. बाहेर भाषा येत नाही म्हणून गप्प राहिलेली बाई घरात येऊनही गप्पच राहते, हे मी स्वतः भोगलंय. दुकानात, बसमध्ये, किटाच्या दारात दिवसभर शब्द गिळायचे, आणि मग घरी पोराशीही 'हं', 'चल', 'नको' एवढंच. लेकीची मराठी इथेच पातळ होते.

मी काय केलं होतं तेही सांगते. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना किटातल्या एका बाईंनी मलाही हाच सल्ला दिला, घरी जर्मन बोला. मी या विषयातली पदवीधर! पण नवा देश, मनात धाकधूक, आणि समोरची बाई आत्मविश्वासाने बोलत होती. आठ महिने मी त्याच्याशी माझ्या त्या वेळच्या जर्मनमध्ये बोलले. चमच्याला 'दास ल्योफल' म्हणायचे. खरा तो 'देर', म्हणजे पुल्लिंगी; 'दास' नपुंसकलिंगी. पण चुका ही छोटी गोष्ट, किटात त्या सुधारल्या. वाईट झालं ते वेगळंच. मराठीत मी म्हटलं असतं, 'अरे लबाडा, पुन्हा सांडलास? आता पुसायचं कोणी, तुझ्या आजोबांनी?' जर्मनमध्ये मला फक्त 'नाइन' आणि 'कॉम' (ये) येत होतं. थट्टा नाही, लाड नाहीत, गोष्ट नाही, साधं नीट रागावणंसुद्धा नाही. आई पुण्याहून राहायला आली तेव्हा तो तिचं सगळं ऐकायचा, समजायचा, आणि उत्तर द्यायचा नाही. ते परत जमवायला वर्ष लागलं.

किटातल्या बाई वाईट हेतूने बोलल्या नसणार. त्यांना दिवसभर न बोलणारं मूल दिसतं. पण किटात नवीन मुलं काही महिने गप्पच असतात, ऐकून साठवत असतात. त्यांना एवढं सांग, तुझ्या ए-टूच्या जर्मनमध्येसुद्धा जमेल: 'घरी आम्ही मराठी बोलतो, मराठी पक्की झाली की जर्मन सोपी जाईल, तुम्ही तिच्याशी जर्मन बोला.' आज बहुतेक ठिकाणी हाच सल्ला देतात. वर एक कागद दे, तिचे मराठी शब्द जर्मन अक्षरांत लिहून: पाणी, शू, नको, भुर्र. ती 'शू शू' म्हणत असताना बाई बूट आणून देतात असं झालेलं आहे. जर्मनमध्ये 'शू' म्हणजे बूट!

इंग्रजीचं नवऱ्याला सांग की ती शाळेत येईल, इथल्या बहुतेक मुलांना येते. तसंही तुमच्या घरात ती आहेच: 'डॉगी कुठंय? रेड बॉल दाखव. हा कोणता कलर?' मराठीत एखादा बॉल नि फ्रीज आला तर काही बिघडत नाही, आपण सगळेच तसं बोलतो. खटकतं ते परीक्षा घेणं. दिवसभरात मुलाला ऐकू येणारी अर्धी वाक्यं 'हे काय?' अशी असतील, तर त्यात शिकण्यासारखं काय उरलं? विचारण्याऐवजी सांग. चित्राचं पुस्तक घेऊन बस, ती कशाकडे बघते ते बघ, त्याबद्दल एक वाक्य बोल, आणि मग गप्प राहा. मनात पाचपर्यंत मोज. ही थांबण्याची जागा आयांना फार जड जाते. ती 'भू' म्हणाली तर तू म्हण, 'हो, भू भू! भू भू झोपलाय.' तिचा शब्द घ्यायचा, एक घालून परत द्यायचा. उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी हायडेलबर्गमध्ये तयार झालेला एक प्रशिक्षणक्रम इथे बऱ्याच ठिकाणी चालतो, त्याच्या गाभ्यात हेच आहे. तो जर्मनमध्ये असतो, म्हणून सार तुला इथेच दिलं.

स्क्रीनचं. मराठी बालगीतांचे व्हिडिओ लावून स्वयंपाक उरकतेस, म्हणालीस. उरक, पण त्याला मराठीच्या खात्यात जमा करू नकोस. २००३मध्ये सिॲटलला प्रसिद्ध प्रयोग झाला: नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर बसून मँडरिन, म्हणजे चिनी बोलणाऱ्यांनी त्यांना बारा वेळा खेळवलं, गोष्टी वाचल्या, आणि ती बाळं त्या भाषेचे आवाज ओळखू लागली. तेच बोलणं दुसऱ्या गटाला टीव्हीवर दाखवलं, काही फरक पडला नाही. व्हिडिओ कॉल मात्र वेगळा. पलीकडचं माणूस मुलाला बघून उत्तर देत असेल तर दोन-अडीच वर्षांची मुलं त्यातूनही नवे शब्द उचलतात. म्हणजे आजीचा फोन औषधासारखा वापर. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, तुझ्याकडे पाच वाजता आजीकडे साडेआठ. फोन तिच्या खायच्या टेबलावर उभा करून ठेव, तू बाजूला हो. आजीला एकच विनंती कर: 'मी कोण? आजी म्हण, आजी म्हण' हे बंद. आजीने मटार सोलत बसावं, एखादा दाणा पळवावा, वाटी डोक्यावर ठेवावी. लेक हसेल, आणि हसताना शब्द निघतात.

आता तुझी जर्मन. ती तुझ्यासाठी आहे, हे डोक्यात पक्कं कर. तिला शिकवायला नाही, ती तुझ्याआधी फाडफाड बोलणार आहे. डॉक्टरांशी तू बोलावंस, किटाच्या पालकसभेत तुला कळावं, आणि सात वर्षांच्या मुलीला दुभाषी म्हणून दवाखान्यात न्यायची वेळ येऊ नये म्हणून. पुढे नागरिकत्व घ्यायचं झालं तरी बी-वन, म्हणजे ए-टूच्या पुढची पायरी लागतेच. बाहेरून आलेल्यांसाठीच्या इंटिग्रेशन कोर्सचे सहाशे तास भाषेचे आणि शंभर तास इथल्या कायद्या-इतिहासाचे, हे सगळं लेक किटात असताना पुरं कर. किटात जागा मिळणं इथे किती अवघड आहे ते तुला ठाऊक आहे. पहिला वाढदिवस झाला की जागेचा कायदेशीर हक्क २०१३पासून आहे, पण हक्क आणि जागा यांत अंतर असतं. मिळालीय, ती वापर. एक पथ्य: ती जागी असताना कानात हेडफोन घालून गृहपाठ ऐकायचा नाही. ती झोपल्यावर वीस मिनिटं कर, पुरे.

वर्गात इंग्रजीतून विचार करणाऱ्यांना जे जड जातं त्यातलं बरंच तुझ्याकडे घरचं आहे, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तीन लिंगं? जर्मनांच्या टेबलावर देर ल्योफल (चमचा), दी गाबल (काटा), दास मेसर (सुरी). आपल्या पंगतीत तो चमचा, ती वाटी, ते ताट. लिंगं जुळत नाहीत, पाठ करावीच लागतात, पण वस्तूला लिंग असतं याचं आश्चर्य आपल्याला वाटत नाही. वर्गातली ब्राझीलची मैत्रीण विचारते, मुलगी म्हणजे 'दास मेड्शन', नपुंसकलिंगी कशी? माझी आजी सावंतवाडीकडची. तिच्या बोलीत चेडू नपुंसकलिंगीच. पंचवीस म्हणताना जर्मन माणूस पाच आणि वीस म्हणतो, आपणही आधी पाचच म्हणतो. (२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, जर्मन मुलांना ती सोय अजून नाही.) 'कारण मी दमलेय' यात क्रियापद शेवटी, त्यांच्या 'वाइल'च्या (कारण) वाक्यातही शेवटी. आणि जर्मन झेड म्हणजे चोरातला च, चहातला नाही. हिंदी भाषिकांना तो मुद्दाम कमवावा लागतो, तुला जन्मापासून येतो.

लेकीला सोबत घेऊन रोज एक जर्मन काम कर. बेकरी उत्तम. पुस्तकात पावाला 'ब्रोट्शन' शिकवतात आणि तुमच्या स्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या भागात, काउंटरवरची बाई 'वेकले' म्हणते. पहिल्यांदा मीही घाबरले होते, वाटलं सगळा कोर्स वाया. तिथे तू अडखळत बोल, चूक कर, बाई इंग्रजीवर आली तर तू जर्मनवरच राहा. बाहेर पडल्यावर लेकीला मराठीत सांग: 'बघ, आईने दोन वेकले घेतले, गरम आहेत, फुंकर घाल.' खेळाच्या मैदानात बाकीच्या मुलांशी जर्मन बोल, तिच्याशी मराठी. किटातलं गाणं तिच्याबरोबर जर्मनमध्ये म्हटलंस म्हणून काही पाप लागत नाही. पोलीस व्हायचं नाहीये.

आणि किटात जे रोज कानावर पडतं ते लिहून घे: हात धुवा, आवरून ठेवा, बूट घाला. 'त्सी दी शूअ आन' यातला 'आन' शेवटी का गेला, हे वर्गात तीन आठवडे कळलं नाही ते दाराशी उभं राहून कळतं. घरी ती 'आन, आन' म्हणत बूट घेऊन आली तर तुला अर्थ लागायला हवा, एवढ्यासाठी. तू म्हणायचं, 'बूट घालायचेत? ये, घालूया.'

थोड्या महिन्यांनी ती 'रुत्शंवर जायचं' म्हणेल. घसरगुंडीचा जर्मन शब्द, आणि त्याला मराठीचा 'वर'. सासूबाई म्हणतील, बघा, गोंधळली. मी असं वाक्य ऐकलं की खूश होते. जो शब्द किटात भेटला तो तिने किटाचा घेतला, आणि 'वर' बरोबर आपल्या जागी लावला. हे गोंधळलेल्या डोक्याचं काम नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना एक गोष्ट सांग, त्यांना आवडेल. २००९मध्ये व्युर्त्सबुर्गच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तीस जर्मन आणि तीस फ्रेंच तान्ह्या बाळांचं रडणं तपासलं. जेमतेम काही दिवसांची बाळं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जायचा, जर्मनांचा उतरायचा, आपापल्या आयांच्या बोलण्यासारखा. पोटात असल्यापासून ऐकलेलं. तुझी लेक नाशिकला जन्मली, तेव्हा तिच्या कानात तुझ्या सासूबाईंचा आवाजही आधीपासून आहेच.

तीन महिन्यांनी, कान तपासून झाल्यावर, मला पुन्हा लिही. दोन वर्षं उलटूनही दोन शब्दांची जोडणी नसेल तर डॉक्टरांकडून लोगोपेडीची, म्हणजे वाचा-उपचाराची चिठ्ठी मागून घे. मुलांचे पैसे आरोग्य विमा भरतो, पण रांग मोठी असते, म्हणून नाव लवकर घालायचं. तोवर फ्रीजवर एक कागद लाव आणि नवा शब्द आला की तारखेसह लिही. नवऱ्यालाही लिहायला लाव. बाबाला ऐकू आलेले दोन-चार शब्द आईच्या यादीत कधीच नसतात.